फॉरमॅट मारायच्या आधी तारीख तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर नेट अचानक बंद झालं, म्हणजे त्याच वायफायवर मोबाईल मस्त चालू आणि कॉम्प्युटरवर जवळपास एकही साईट उघडेना, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो पाच मिनिटं बघून म्हणाला विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. मी हो म्हणणारच होते, पण त्यात आईबाबांचे जुने फोटो होते आणि त्यांची कॉपी कुठेच नव्हती, त्यामुळे हात धजेना. रात्री शांतपणे बसले आणि स्क्रीनवर जे येतंय ते पहिल्यांदा नीट वाचलं, तर ब्राउझर सरळ सांगत होता की तुमचं घड्याळ मागे आहे. खाली कोपऱ्यात बघते तर तारीख 1 जानेवारी 2015!

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पट्टीवर, नाण्यासारखा एक छोटा सेल असतो, बहुतेक वेळा सीआर 2032, तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. आणि साईटच्या सुरक्षेचं जे सर्टिफिकेट असतं त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, त्यामुळे 2015 मध्ये अडकलेल्या ब्राउझरला आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख नीट केली, लगेच सगळं उघडायला लागलं, दुसऱ्या दिवशी सेल बदलला. एवढ्यासाठी फोटो गेले असते, याचा मला अजून राग येतो.

तेव्हापासून कोणाचंही नेट गेलं की मी आधी विचारते, गेलं म्हणजे नक्की कुठपर्यंत गेलं? घरातल्या सगळ्याच गोष्टींवर गेलं की एकट्या कॉम्प्युटरवर? सगळीकडे गेलं असेल आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून प्रकाशच आत येत नाहीये, मग ती बारीक वायर कुठे दुमडली किंवा निसटली नाही ना एवढं बघायचं आणि सरळ कंपनीला फोन करायचा, विंडोजशी झटापट करून काही होत नाही. एकट्या कॉम्प्युटरवर गेलं असेल तर स्टार्टमध्ये cmd लिहून जी काळी खिडकी उघडते तिच्यात ipconfig टाइप करा, कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) दिसतो. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, तेव्हा केबल काढून परत लावा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. पत्ता बरोबर असेल तर त्याच खिडकीत ping 8.8.8.8 टाइप करून बघा, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला हाक मारून बघायची, उत्तर येतंय पण साईट नावाने उघडत नाही असं असेल तर बहुतेक डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, घोळ असतो, आणि तो सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस टाकून सुटू शकतो, फॉरमॅटची काही गरज नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. तिथे रिसेटचं बटण असतं, आणि रिस्टार्ट वेगळं, रिसेट वेगळं. रिसेट केलं की वायफायचं नाव, पासवर्ड तर जातंच पण काही कनेक्शनमध्ये कंपनीने भरून दिलेलं युजरनेमसुद्धा पुसलं जातं आणि मग जे नेट रिस्टार्टने आलं असतं ते माणूस येईपर्यंत येत नाही.

आपल्या पेपरात नव्या मोबाईलवर पानं भरून येतात, ती मी आवडीने वाचते, पण घरात रोज अडणाऱ्या या गोष्टींवर आठवड्याला एक चौकट दिलीत तर खूप लोकांचे फोटो आणि कागद वाचतील. आणि दुरुस्तीवाल्या मंडळींना हात जोडून विनंती, फॉरमॅट म्हणण्याआधी "कॉपी काढलीय का?" एवढं तरी विचारत जा.

आपली,
एक नियमित वाचक