मार्करकाकांना पत्र : ५२ इंचांच्या क्यूबद्दल

आदरणीय मार्करकाका,

सा. न. वि. वि.

माझ्या मुलीच्या हाती ५२ इंचांचा क्यू, म्हणजे स्नूकर खेळायची काठी, आला त्याला आज तीन आठवडे झाले. त्या संध्याकाळी आपले, क्लबात टेबले आणि गुण सांभाळणाऱ्या मार्करचे, आभार मानायचे होते, पण गळा दाटून आला आणि नुसता नमस्कार करून मी क्लबाचा जिना उतरले. तेव्हा राहून गेलेले आभार आज सर्वांच्या देखत मानते आहे.

तिची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे बरोबर ५८ इंच, आणि आम्ही तिला घेऊन दिलेला क्यूही ५८ इंचांचा. प्रौढ माणसांसाठी सर्रास विकले जाणारे हे माप. दुकानदाराने तिच्याकडे न पाहता "वाढत्या अंगाची आहे, पुढे उपयोगी पडेल" असे सांगितले आणि शाळेचा गणवेश दोन बोटे मोठा घ्यावा तशी मीही मान डोलावली. पुढचे सहा महिने तिने बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड भाग, शेवटाशी धरला की हात मागे ताणला जाई आणि कोपर उघडे. पुढे धरला की मागचे वजन टिप, म्हणजे पुढचे टोक, वर उचली. उजवा खांदा रात्री शेकावा लागे. एवढे होऊनही तिच्या प्रशिक्षकांना क्यूकडे पाहावेसे वाटले नाही. कोपर चुकते म्हणून ते तिलाच रागावत राहिले आणि स्पर्धेत पूर्ण मापाचाच क्यू लागतो, असेही त्यांनी मला बजावले. क्यू ३ फुटांहून आखूड नसावा, एवढेच नियम म्हणतो, हे मला आपल्याकडून कळले. हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स यांचा जन्म ज्या पुण्यात झाला, तिथे एका मुलीला कोणी इंचपट्टी लावून पाहू नये, याचे दुःख मला अजून आहे.

आपण प्रथम तिलाच विचारले, "कुठे अडतं, बाळ?" मग तिला पांढऱ्या चेंडूवर वाकायला लावून, टिप चेंडूजवळ असताना कोपराखालचा हात सरळ खाली लोंबेल अशा बेताने तिची मूठ बसवलीत आणि मुठीच्या जागी बटावर निळ्या चॉकची रेघ ओढलीत. त्यानंतर आपण जे केलेत ते मी विसरू शकत नाही. इंचपट्टी आपल्या हातात होती, मोजणे आपल्याला क्षणाचे काम होते. पण आपण ती तिच्या हातात दिलीत आणि दुसरे टोक स्वतः धरून, "तूच मोज आणि मला सांग" म्हणालात. रेघेमागे १० इंच उरले होते. मुठीमागे चारेक इंच पुरेत, तेव्हा ६ इंच जास्त, असा हिशेब तिने स्वतः केला आणि "म्हणजे ५२!" असे मोठ्याने सांगितले. सहा महिने आपलेच काही चुकते आहे असे मानणाऱ्या मुलीला, चूक लाकडाच्या लांबीत होती हे तिच्याच तोंडून उमगले. तिचा तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

उभा क्यू काखेपासून खांद्यापर्यंत कुठेतरी यावा हा केवळ अंदाज आहे, कारण सारख्या उंचीच्या दोघांचे हात सारखे लांब नसतात, हेही आपण तिला समजावलेत; मला नव्हे, तिला. आमचा क्यू कापून द्या, अशी विनंती मी केली तेव्हा, मागून कापला तर तोल पुढे जाईल आणि पुढून कापला तर टिपेजवळ लाकूड जाड होईल, असे सांगून आपण नकार दिलात आणि कपाटातला जुना आखूड क्यू पुसून तिला वापरायला दिलात. आखूड क्यूने लांबच्या चेंडूसाठी रेस्ट, म्हणजे क्यू टेकवायची दांडी, अधिक वेळा घ्यावा लागेल, हा तोटाही आपण लपवला नाहीत. ज्याला आपल्याकडून काही घ्यायचे नाही त्याच्याशी इतक्या नेकीने वागणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत, आणि ज्यांनी आमच्याकडून पैसे घेतले त्यांच्यात तर एकही नव्हते.

आता खांदा दुखत नाही. परवा तिने सलग तीन लाल चेंडू घेतले, मध्ये रंगीत चेंडूही. उंची वाढली की मागे जोडायचा छोटा बट लावू, असे आपण म्हणाला होता. त्यासाठी तिने घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती स्वतः मोजणार आहे. ५८ इंचांच्या क्यूवरची आपली निळी रेघ मात्र तिने मला पुसू दिलेली नाही.

आपली कृतज्ञ,
एका खेळाडू मुलीची आई, पुणे