सुभेदार साहेब, फोनवर ऐकत नाही म्हणून इथे लिहितोय

सुभेदार साहेब, रामराम.

आमच्या थोरल्या आजोबांचा ठावठिकाणा शोधून दिलात, त्याचे आभार मानायला फोन केला की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर.

आमचे थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ, अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये बदली कामगार होते. बदली म्हणजे भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर घरी. दुसऱ्या महायुद्धाची भरती निघाली, पगार ठरलेला आणि दोन वेळचं जेवण, गेले मराठा पलटणीत. देशभक्तीची भाषणं पुढच्या लोकांनी केली, घरात सगळ्यांना पक्कं माहीत की माणूस मनीऑर्डरसाठी गेला. मला तर त्यामुळे ते जास्तच मोठे वाटतात. इटलीत गेले, आले नाहीत, बस. मागे राहिलं ते सहा टोकांच्या ताऱ्याचं ब्राँझचं मेडल, त्याला स्टार म्हणतात, दर दसऱ्याला हळदकुंकू लावून लावून पार काळं पडलेलं.

युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साइटवर आम्ही नाव टाकून टाकून थकलो, तेव्हाच्या कारकुनाने इंग्रजीत काय स्पेलिंग केलं असेल देव जाणे. तुम्ही मात्र मेडल हातात घेतलं आणि आधी उलटं केलं. ब्रिटिश सोल्जरच्या स्टारवर मागे नाव नसायचं, पण आपल्याकडच्यांच्या स्टारवर नंबर, हुद्दा, नाव ठोकून द्यायचे, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या घरात कोणाला ठाऊक होतं? ओल्या फडक्याने तुम्ही इतकं हळू पुसत होतात की आई म्हणाली, बाळाला अंघोळ घालताय का. मग भिंग लावून एकेक आकडा वाचलात, साइटवर नुसता नंबर टाकला आणि निघालं ना साहेब! सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्री, इटली. नोव्हेंबर १९४३ मध्ये पावसाने फुगलेल्या त्या नदीवर आपली आठवी इंडियन डिव्हिजन लढली होती, हेही तुमच्याकडूनच कळलं. आम्ही कबर शोधत होतो, आणि तिथे अग्नी दिलेल्या हिंदी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, पाचशेच्या वर नावं, त्यात आमचं एक. म्हणजे अग्नी मिळाला त्यांना. आजी हे ऐकायला हवी होती, तिला आयुष्यभर तीच काळजी होती.

तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाही, पेट्रोलचे पैसे पण नाही, हे काही बरोबर नाही. पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन जेवायलाच या. आणि हो, मराठा पलटणीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, तेवढा नजरेखालून घाला.

तुमचा,
अमळनेरकर पुतण्या