‘टिंग टिंग टांग टांग’ कोरियन नव्हे

मा. संपादक,

नाशिकच्या हळदी-संगीतात वाजणारं ‘टिंग टिंग टांग टांग’ सर्रास कोरियन म्हणून खपवलं जातं. ते व्हिएतनामी आहे: होआंग थुई लिनचं २०२२ मधलं ‘सी तिन’. १९८८ साली जन्मलेली लिन आधी टीव्हीवरची अभिनेत्री. गायिका म्हणून खरी कलाटणी मिळाली २०१९च्या ‘होआंग’ अल्बममुळे. त्यातल्या एका गाण्यात व्हिएतनामी लेखक ‘तो होआय’ यांच्या कथेतली, कर्जापायी धनाढ्याच्या घरी सून होऊन राबणारी नायिका थेट नाचऱ्या ठेक्यावर अवतरते. लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक बीटची ही मोट बांधली ‘डीटॅप’ या संगीत-निर्मात्यांच्या त्रिकुटाने, आणि ‘सी तिन’ही त्यांचंच.

आपल्याकडे पसरली ती वेग वाढवलेली प्रत. वेग सव्वापट केला आणि पट्टी सांभाळली नाही, तर सूर जवळपास चार अर्धस्वर चढतो. पांढरी एकचं गाणं पांढरी तीनमध्ये जातं, आवाज किरटा होतो. (लहान मुलं गातायत असं वाटतं ते यामुळेच.) डीजेंनी ‘की लॉक’ (वेग बदलला तरी पट्टी कायम ठेवणारी सोय) चालू ठेवून वेग आठ-दहा टक्क्यांपर्यंतच वाढवावा. फार ताणलं तर पट्टी टिकते, पण ढोलाचे ठोके फाटतात. मूळ ठेका नाचण्याजोगा आहेच.

– एक संगीतप्रेमी, गंगापूर रोड, नाशिक