वळवाच्या आधी अंगणातल्या झाडाकडे पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वैशाखात वळवाच्या पहिल्याच पावसात आमच्या जुळे सोलापुरातील घरासमोरचा जुना गुलमोहर मुळासकट उलटला आणि कुंपणाची भिंत सोबत घेऊन गल्लीत आडवा झाला. वारा जेमतेम पंधरा मिनिटे होता. कोणाला इजा झाली नाही, एवढे नशीब. दुसऱ्या दिवशी जो तो ‘काय वारं सुटलं होतं’ म्हणत होता आणि मीही तेच म्हणत होतो. पण उपसून वर आलेल्या बुंध्यापाशी उकिडवा बसून मुळे पाहिली, तेव्हा वाऱ्याला बोल लावण्याचे तोंड मला राहिले नाही. गटाराच्या बाजूची मनगटाएवढी तीन मुळे एका रेषेत सरळ कापलेली होती. त्यांची टोके काळी पडली होती आणि बोटाने दाबताच त्यांचा भुगा होत होता. दोन वर्षांपूर्वी तिथे चर खोदला जात असताना ‘मुळ्या आडव्या येताहेत’ असे मजुराने विचारले होते आणि ‘तोडून टाका’ म्हणणारा मीच होतो. दुसऱ्या बाजूला गाडी लावण्यासाठी बुंध्याला अगदी चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले होते, तेही माझ्याच हौसेने. आता चैत्र तोंडावर आहे, म्हणून हे पत्र.

सोलापूर पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, त्यातही सर्वाधिक सप्टेंबरात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, तेव्हा त्या भेगांबरोबर झाडाच्या बारीक मुळ्याही तुटतात. आणि अशा तहानलेल्या, अर्धवट सुटलेल्या झाडावर एकाएकी वळीव कोसळतो, पाने भिजून शेंडा जड होतो, वरची माती लोण्यासारखी होते आणि त्याच वेळी वारा शेंडा धरून हलवतो. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. ‘सोटमूळ खोल गेलंय, झाडाला काही होत नाही’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो असलो, तरी पाया मुरमाचा किंवा खडकाचा असलेल्या आपल्या नव्या वसाहतींत ते फारसे खरे नसते. सप्टेंबरातही पडझड होतेच, पण मे महिन्यातली पडझड पाहणाऱ्याला आधी दिसू शकते.

काय पाहावे? झाड जन्मापासून कललेले असेल आणि त्याचा शेंडा पुन्हा वळून सरळ वर गेलेला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. कल नवा असेल आणि कलाच्या उलट बाजूची जमीन फुगली किंवा चिरली असेल, तर त्या झाडाखाली गाडी लावू नये, मुलांना खेळू देऊ नये आणि त्याच दिवशी महापालिकेला कळवावे. गुलमोहराच्या बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कठीण बुरशीची छत्री उगवली असेल, तर आतला गाभा कुजत चालला आहे असे समजावे. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटून वाढलेल्या बेचक्यात भेग दिसली, तर ती फांदी वारा नसतानाही केव्हा तरी खाली येणार. पर्जन्यवृक्ष आणि निलगिरी यांच्या मोठ्या फांद्या तर कडक उन्हाच्या शांत दुपारीही अचानक तुटल्याचे अनुभव आहेत.

कडुनिंबाविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण सोलापुरात सर्वाधिक अन्याय त्याच्यावर होतो. गेल्या काही वर्षांत तेलंगणात आणि महाराष्ट्राच्या काही भागांत बुरशीमुळे कडुनिंबाचे शेंडे करपल्यासारखे वाळताना दिसले. झाड लांबून जळाल्यासारखे दिसते आणि लोक ते मेले असे धरून तोडायला काढतात. शिवाय दरवर्षी माघ-फाल्गुनात त्याची पानगळ होतेच. अशा वेळी बोटाएवढ्या फांदीची साल नखाने थोडी खरवडावी. खाली हिरवे, ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. करपलेले शेंडे तेवढे काढावेत आणि पाडव्यापर्यंत वाट पाहावी. आमच्या मागच्या अंगणातला कडुनिंब दोन वर्षांपूर्वी असाच ‘मेला’ होता. आज त्याला इतका मोहोर आहे की पाडव्याचा पाला-फुलोरा अर्धी गल्ली आमच्याकडूनच नेते.

पाण्याचा प्रश्न आपल्या शहरात अवघड आहे; नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे झाडाला कोण घालणार? पण रोज बुंध्याशी ओतलेल्या एका बादलीने झाडाचे नुकसानच होते, कारण मुळ्या पाण्यामागे वर येतात आणि बुंधा सतत ओला राहून कुजतो. तेच पाणी साठवून दहा-बारा दिवसांतून एकदा फांद्यांच्या घेराखाली, हळूहळू, हातभर खोल मुरेल असे सोडावे आणि त्यावर पाचोळ्याचा तीन-चार इंच थर द्यावा. फक्त तो थर बुंध्याला टेकू देऊ नये. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र रोज घालू नये, कारण आधीच जड असलेल्या बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी घट्ट झालेले असतात.

छाटणीचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, हे घरचे सांगतात. आपल्याकडे फांद्या तोडणारे लोक पुष्कळदा मजुरी घेत नाहीत, लाकूड नेतात. गृहस्थाला वाटते, काम फुकटात झाले. पण ज्याची मजुरी वखारीत वजनावर ठरते, तो वाळलेल्या काटक्या कशाला काढील? तो जाड, निरोगी फांद्याच उतरवणार. वरून झाडाचे मुंडण केले की तिथून दाट धुमारे फुटतात, ते सालीला वरवर चिकटलेले असतात आणि तीन-चार वर्षांत जड होऊन वाऱ्यात निखळतात. म्हणजे धोका कमी करण्याच्या नावाखाली आपण पुढचा धोका लावून ठेवतो. तेव्हा रोख मजुरी द्यावी आणि काय काढायचे ते आपण उभे राहून सांगावे. जड फांदी काढताना बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून तिसरा हिस्सा करवत चालवावी, मग थोडे पुढे वरून कापून फांदी उतरवावी, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या लगेच बाहेर कापावा. खालचा काप विसरला, तर पडणारी फांदी बुंध्याची साल हातभर सोलत नेते. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा उपयोग नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत कोंडून टाकते आणि बाहेरून नवी साल चढवते, आपण फक्त काप योग्य जागी द्यायचा.

झाड पडलेच, तर पहिला अर्धा तास कोणी त्याला हात लावू नये, असे मी अनुभवाने म्हणतो. फांद्यांत विजेची तार अडकली असेल किंवा नुसती शंका असेल, तरी निदान तीस फूट दूर राहून वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. वीज गेलेली दिसते म्हणून तार मेली असे समजू नये, कारण ओल्या फांदीतून आणि ओल्या जमिनीतूनही प्रवाह येतो. घरात कोणी अडकले असेल तर १०१ किंवा ११२. गाडीचे किंवा भिंतीचे नुकसान झाले असेल, तर लाकूड हलवण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, विम्याला ती लागतात. आणि शिडीवर चढून यंत्राची करवत चालवण्याचा पराक्रम करू नये. आमच्या गल्लीतल्या दोन उत्साही तरुणांनी गेटवर वाकून दबलेली फांदी कोयत्याने तोडायला घेतली होती; ताण सुटताच ती धनुष्यासारखी उसळली आणि एकाच्या कानाशेजारून गेली. तो मुलगा पायरीवर बसून बराच वेळ कोणाशी बोलला नाही. चार इंचांपेक्षा बारीक बुंध्याचे झाड असेल, तर मुळे ओल्या पोत्यात ठेवून त्याच दिवशी उभे करून दोन बाजूंनी बांधता येते. मोठे झाड क्रेनने उभे करण्यात अर्थ नाही. तुटलेली मुळे पुन्हा जुळत नाहीत आणि ते पुढच्या वाऱ्यात परत पडते.

स्वतःच्या अंगणातले झाड असले तरी शहरात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा राज्य कायदा त्यासाठी आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. धोकादायक झाडासाठीही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि तो मे महिन्यात फांदी डोक्यावर आल्यावर न करता आताच, वर सांगितलेल्या खुणांच्या छायाचित्रांसह करावा.

महापालिकेला माझी एकच विनंती आहे. गटार, जलवाहिनी किंवा केबल यांच्या खोदाईची परवानगी देताना बुंध्याच्या जाडीच्या बारापट अंतराच्या आत यंत्राने खोदू नये, आणि गल्ली अरुंद असल्याने तेवढे अंतर सुटत नसेल तिथे हाताने खोदून नळ मुळांच्या खालून न्यावा, अशी अट कागदावर घालावी. खोदाई चालू असताना घरमालकानेही तिथे उभे राहावे. मी उभा होतो, पण चुकीचे सांगायला.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर