एसएसडी बसवून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

स्टुडिओच्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी, फिरते भाग नसलेली वेगवान ड्राइव्ह) बसवून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ड्राइव्ह बसवणारे पुष्कळ मिळतात. कोणती फाइल कुठे ठेवायची हे तुम्ही समजावून सांगितलंत. इतर फोटोग्राफरांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे उघड पत्र.

खरेदीआधी तुम्ही मदरबोर्डचं मॅन्युअल उघडायला लावलंत. एम.२ स्लॉट (मदरबोर्डवरची पट्टीसारख्या एसएसडीची खाच) दिसला म्हणजे त्यात एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एसएसडी, चालेलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडी घेतात. शिवाय बऱ्याच बोर्डांवर एम.२ भरला की साटाचा एखादा पोर्ट बंद होतो आणि हार्ड डिस्क गेली असं वाटतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती पुन्हा दिसते.

विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवलीत, तेही फार बरं केलंत. ती जोडलेली असली तर बूटच्या फाइली जुन्याच डिस्कवर जाऊ शकतात, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. हीटसिंकच्या (ड्राइव्हची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) थर्मल पॅडवरची पातळ फिल्म सोलायला हवी, हेही तुम्हीच दाखवलंत.

सगळ्यात मोलाची तुमची मांडणी. एनव्हीएमईवर विंडोज, लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या बदलांची नोंदवही), कॅमेरा रॉ कॅशे (रॉ फोटो पटकन उघडावेत म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (काम करताना लागणारी तात्पुरती जागा). प्रीव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या छोट्या झलक-प्रती, कॅटलॉगच्या शेजारीच राहतात, त्यामुळे तेही तिथेच आले. हार्ड डिस्क खरी अडते ती इथे: हजारो छोट्या फाइली शोधताना तिचं हेड दर वेळी सरकतं आणि त्यात साधारण १० मिलिसेकंद जातात. चालू कामाच्या रॉ फाइलींना (कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फोटोंना) साटा एसएसडी पुरते, कारण सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर ३०-४० एमबीची फाइल लगेच उघडते. जुनी लग्नं हार्ड डिस्कवरच राहू द्या, म्हणालात. तिथे आमचे पैसे वाचले.

एसएसडीने एक्सपोर्ट फारसा लवकर होणार नाही, ते काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं, हेही विक्रीआधीच स्पष्ट सांगितलंत. असा प्रामाणिकपणा दुकानात क्वचित मिळतो.

ड्राइव्ह १५-२० टक्के रिकामी ठेवतो आहोत. गच्च भरली की लिहिण्याचा वेग घसरतो, हे पक्कं लक्षात आहे. एसएसडी अचानक बंद पडते, आधी खडखडत नाही, म्हणून कॅटलॉगचा बॅकअप आता वेगळ्या डिस्कवर जातो.

तुमची,
स्टुडिओतली मंडळी