जुन्या मारुती ८०० मध्ये चुकीच्या ग्रेडचे सिंथेटिक ऑइल भरल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहकसेवा व तांत्रिक विभाग

महोदय,

आपल्या ग्राहकसेवेशी झालेले शेवटचे बोलणे आज दुपारी संपले आणि त्यानंतर फोनवर काही विचारण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे. इंजिन ऑइलचा ग्रेड, म्हणजे त्याच्या घट्टपणाचा वर्ग, कशाला म्हणतात, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही, कारण ते ऑइल आपणच बनवता आणि डब्यावर तो ग्रेड आपणच छापता. परंतु साताऱ्यातील आपल्या ऑइल बदलण्याच्या केंद्रात आणि आपल्या तांत्रिक विभागात बसणाऱ्यांना एक तर ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही ग्राहकाला सांगण्याची त्यांची इच्छा नाही.

माझी गाडी १९९४ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात आजवर २०डब्ल्यू-४० ग्रेडचे (पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा गरम असतानाच्या घट्टपणाचा) मिनरल, म्हणजे खनिज तेलापासूनचे साधे, ऑइल पडत आले आणि ते दर ५,००० किलोमीटरला फिल्टरसह बदलले गेले. ऑइल थोडे कमी होत असे, परंतु गाडीखालच्या फरशीवर डाग पडत नसे. आपल्या केंद्रातील माणसाने सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या, ऑइलने जुन्या इंजिनाचे आयुष्य वाढते असे सांगितले, तेव्हा मी त्याला स्पष्ट विचारले होते की, या गाडीत २०डब्ल्यू-४० पडते, तर हे चालेल का, आणि ऑइल बाहेर येऊ न देणारे रबरी सील जुने आहेत त्याचे काय. त्याचे उत्तर होते, ‘‘सर, सिंथेटिक आहे, सगळ्या गाड्यांना चालते.’’ गाडी किती किलोमीटर चालली आहे, ऑइल किती खाते, टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग कधी बदलले आहे, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. बिल हातात आले तेव्हा त्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेले होते आणि ऑइल भरून झालेले होते. मी हरकत घेतली, तर ‘‘सिंथेटिक पातळ असले तरी त्याचा थर फाटत नाही’’ असे सांगून त्याने पुढील बदल १०,००० किलोमीटरनंतर, असा स्टिकर काचेवर चिकटवला.

त्यानंतर काही आठवड्यांतच टॅपेट कव्हरच्या कडेने ओल दिसू लागली. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल ठिबकू लागले. ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावी तर पातळी दर वेळी खाली गेलेली असे. पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचल्यावर गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली की ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागला. शेवटी त्याच घाटात, चढावर, मागे वाहनांची रांग असताना क्लच घसरू लागला, कारण क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून आलेले ऑइल क्लच प्लेटवर पसरले होते. गाडीत माझी वृद्ध आई बसलेली होती. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या त्या रस्त्यावर गाडी मागे घसरू लागणे म्हणजे काय असते, याची कल्पना आपल्या केंद्राने करून पाहावी, अशी माझी इच्छा आहे.

आता ग्रेडविषयी. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकानुसार ४० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्स या मर्यादेत असतो आणि ३० ग्रेडचा ९.३ ते १२.५ या मर्यादेत असतो. १५० अंशांना बेअरिंगमध्ये प्रचंड वेगाने घासले जात असताना ऑइलने जो किमान घट्टपणा टिकवायचा असतो, तो २०डब्ल्यू-४० साठी ३.७ आणि ५डब्ल्यू-३० साठी २.९ मिलिपास्कल-सेकंद इतका ठरवलेला आहे. झिजलेल्या बेअरिंगच्या जुन्या इंजिनात गरम झाल्यावर हे पातळ ५डब्ल्यू-३० ऑइल अधिक सहज निसटते आणि प्रेशर पडते. लाल दिव्याचे कारण शोधायला याहून फार खोलात जावे लागत नाही. ५डब्ल्यू या आकड्याचा उपयोग कडाक्याच्या थंडीसाठी आहे, कारण त्या वर्गाचे ऑइल उणे ३५ अंशांना पंपाने ओढले जाते की नाही, याची चाचणी होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, पण तेवढ्या थंडीत २०डब्ल्यूचे ऑइलही व्यवस्थित वाहते, कारण त्याची तीच चाचणी उणे २० अंशांना होते. मग साताऱ्यातल्या गाडीत ५डब्ल्यू-३० कोणत्या हिशोबाने भरले गेले? सिंथेटिकच द्यायचे होते, तर ४० किंवा ५० ग्रेडमध्येही सिंथेटिक मिळते. सिंथेटिक असणे आणि पातळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या माणसाला कोणीच शिकवलेले नाही का?

सिंथेटिक ऑइलवर माझा आक्षेप नाही, हे मुद्दाम नोंदवतो. चांगले सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर जळत नाही, गाळ कमी धरते आणि घाटात तापणाऱ्या इंजिनाला त्याचा फायदाच होतो. या ऑइलने सीलला भोक पाडले, असेही मी म्हणत नाही. सिंथेटिक ऑइलमुळे सील आकसत, ही तक्रार १९७० च्या दशकातील सुरुवातीच्या ऑइलांची होती आणि पुढे ऑइलाची घडण सुधारून ती बरीचशी दूर केली गेली. परंतु तीस वर्षे उष्णता सोसलेले रबरी सील कडक आणि चिरलेले असतात, त्यांच्या फटी जुन्या गाळाने बुजलेल्या असतात, आणि नवे ऑइल आपल्या स्वच्छक द्रव्यांनी तो गाळ धुऊन काढते. मग आधीचीच फट उघडी पडते, आणि ऑइल पातळ असेल तर ती अधिक वेगाने गळते. निघालेला गाळ इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या चेंबरमधील जाळीत अडकून ऑइलाची वाट बंद करू शकतो, हा धोका वेगळाच. म्हणूनच जाणकार मिस्त्री आधी सील आणि पॅकिंग पाहतो, घट्ट ग्रेड निवडतो, पहिले ऑइल आणि फिल्टर लवकर बदलतो आणि मालकाला दर आठवड्याला पट्टी पाहायला सांगतो. हे सगळे आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने गाडी पाहताक्षणी सांगितले. आपल्या केंद्राकडून मात्र मला १०,००० किलोमीटरचा स्टिकर मिळाला, तोही अशा कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला, ज्यात चोक ओढताना पेट्रोल आणि पिस्टनच्या रिंगांवरून उतरणारा जळका वायू ऑइलात मिसळतच राहतो.

आता आजच्या फोनविषयी. बराच वेळ संगीत ऐकल्यावर मला ‘तांत्रिक तज्ज्ञ’ म्हणून एका गृहस्थांशी जोडण्यात आले. मी ग्रेडची तक्रार सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच गाडीचे मॉडेल विचारले. ‘‘मारुती ८००, १९९४,’’ मी म्हणालो. पलीकडे हसू आले आणि ते दाबले गेले, हे मला स्वच्छ ऐकू आले. मग ते म्हणाले, ‘‘सर, इतकी जुनी गाडी आहे, ऑइल गळणारच. त्यात आमच्या प्रॉडक्टचा काही इश्यू नाही.’’ मी विचारले, ‘‘मग जुन्या इंजिनाचे आयुष्य वाढते, असे आपल्याच केंद्रात का सांगितले?’’ ते म्हणाले, ‘‘ते प्रमोशनचे असते सर.’’ मी विचारले, ‘‘२०डब्ल्यू-४० च्या जागी ५डब्ल्यू-३० का भरले?’’ ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, ग्रेड वगैरे इतके काही नसते.’’ एका ऑइल कंपनीच्या तांत्रिक विभागातून हे वाक्य मला ऐकवले गेले! त्याच्या पुढची मजल म्हणजे, ‘‘आपण नवीन गाडीचा विचार का करत नाही?’’ आणि लगेच, त्याच सुरात, ‘‘आपल्याला अजून कशात मदत करू शकतो का?’’ फोन ठेवताच सेवेला पाच पैकी किती तारे द्याल, असा संदेश आला.

ही गाडी पंधरा वर्षांची झाल्यापासून दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासली जाते आणि तिच्या नोंदणीचे नूतनीकरण होते. शासनाने रस्त्यावर चालण्यास योग्य ठरवलेल्या गाडीला आपल्या नोकराने न पाहता भंगार ठरवावे, हा अधिकार त्याला कोणी दिला? आणि ती इतकी जुनी होती, तर तिच्यासाठी पैसे घेताना केंद्राला ते का दिसले नाही? मी विचारले होते. ऑइल भरण्यापूर्वी विचारले होते आणि बिल पाहिल्यावरही विचारले होते.

माझ्या वडिलांच्या स्कूटरपासून आमच्या घरात आपलेच ऑइल वापरले गेले आहे आणि त्याच विश्वासाने मी आपल्या केंद्रात गेलो होतो. तो विश्वास आता राहिलेला नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

क्रँकचे सील, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, क्लच प्लेट, मजुरी आणि त्या ऑइलाची किंमत यांचा संपूर्ण खर्च आपण द्यावा. त्याची बिले सोबत जोडली आहेत. १०० आणि १५० अंशांना त्या ऑइलाचा प्रत्यक्ष घट्टपणा किती आहे, हे लेखी कळवावे. केंद्रात जुन्या गाडीची माहिती विचारल्याशिवाय ऑइल भरू नये, अशी लेखी सूचना काढून तिची प्रत मला पाठवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो तेथेच दाद मागता येते, आणि चुकीच्या वापराबाबत पुरेशी सूचना किंवा इशारा न देणे हेही त्या कायद्याखाली उत्पादन दायित्वाचे कारण ठरते. आपल्या माणसाने बिलावर स्वतःच्या हाताने लिहिलेला ग्रेड आणि काचेवरचा स्टिकर, दोन्ही मी जपून ठेवले आहेत.

आपला,
सातारा येथील ग्राहक

सोबत: केंद्राचे बिल, गॅरेजची बिले, स्टिकरचे छायाचित्र