लेकरांच्या घरात कुत्रं आणताना

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या दारव्हा तालुक्यात आजकाल मोबाइलवर फोटो पाहून हस्की जातीचं कुत्रं आणायची हौस वाढली, पण ते बर्फातलं जनावर हो, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जाते तेव्हा त्यानं काय करावं? शेजारी पाहिलं मी, दिवसभर न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकवून जीभ काढून पडलेलं अन लेकरू शेपटी ओढायला गेलं की गुरगुरे. त्यात कुत्र्याची काहीच चूक नव्हती. लहान लेकरं असतील तर गावठीच पिल्लू आणा, त्याले उन्हाची सवय असते, फक्त ८ आठवड्यांच्या आत मायपासून तोडू नका, भावंडांत खेळूनच ते दात जपून लावायचं शिकते. आमच्या मोतीले आणायच्या आधी त्याची माय पाहिली, लेकरांच्या गलक्यातही शांत बसायची, म्हणूनच आणला. ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, मग दरवर्षी. अन दात लागलाच तर मिरची-चुना अजिबात नको, साबणानं वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा अन तसंच लेकराला घेऊन सरकारी दवाखाना गाठा.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ